मानेवरचा मळ

प्रस्तुत लेखिका रोज आंघोळ करते. हे छापून सांगायची वेळ यावी यातच सगळं आलं. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाऊबाई तिला गजरा माळत होत्या. मध्येच थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "मान जरा घासत जा गं." बारा-पंधरा बायका एकदम गप्प झाल्या. त्या गप्प होण्याचा राग अजून गेलेला नाही.

घासली. आधी बेसन, मग टाचांसाठी आणलेली वजरी. मग लिंबू. त्या लिंबाने तर कहर केला. लिंबाचा रस अंगावर असताना कडक ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि मागे आधीपेक्षा गडद डाग राहतात. गच्चीवर पापड वाळत घालायला गेलेल्या लेखिकेला हे कोण सांगणार? पार्लरवालीने "डेड स्किन आहे मॅडम, आठ सिटिंगमध्ये जाईल" असं सांगून बारा सिटिंगचे पैसे घेतले. औषधांच्या दुकानदाराने तर मानेकडे पाहिलंही नाही. "सगळे हीच नेतात" म्हणत ट्यूब पुढे सरकवली.

त्या ट्यूबमध्ये मोमेटासोन होतं, म्हणजे स्टेरॉइड. अशी स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्येच केला आहे. दोन महिन्यांत लेखिकेची मान कागदासारखी पातळ झाली, लाल झाली, आणि मलम थांबवताच आग आग होऊ लागली. दुकानदाराचं म्हणणं, "तुमची स्किन सेन्सिटिव्ह असेल." म्हणजे चूक पुन्हा मानेचीच!

अखेर त्वचारोगतज्ज्ञ. त्या बाईंनी मान पाहिली, काखा पाहिल्या आणि खणातून शिवणकामाची टेप काढून लेखिकेच्या कमरेला लावली. ९४ सेंटिमीटर. भारतीय बायकांसाठी ८० ही मर्यादा, पुरुषांसाठी ९०. "आईला मधुमेह होता का?" मान दाखवायला आलेल्या बाईला हा प्रश्न म्हणजे अपमान वाटला. तिसऱ्या दिवशी रक्ताचा कागद हातात आला. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.२. मधुमेहाचा उंबरठा ५.७ ते ६.४ असा धरतात. लेखिका त्या कागदाकडे पाहत दवाखान्याच्या जिन्यातच बसली. मानेवर मळ कधी नव्हताच.

मानेवर, काखेत, जांघेत मखमलीसारखी जाड, काळपट कातडी येते तिला अकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढतं आणि ते त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतं. कातडीच जाड होत असताना ब्लीच करणार काय? घासल्याने तर ती आणखी काळवंडते. पाळीच्या तक्रारी आणि पीसीओएस असलेल्या मुलींमध्येही हे दिसतं. उतारवयात असे डाग अचानक, झपाट्याने आले आणि वजनही घटत असेल, तर मात्र ताबडतोब डॉक्टर गाठावेत; क्वचित पोटातल्या कर्करोगाची ती खूण असते.

सगळे काळे डाग असलेच नसतात. गालांवरचे वांग वेगळे. त्यामागे ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या. परकराच्या नाडीने कमरेला पडलेला पट्टा नाडी सैल केल्यावरच फिका होऊ लागतो. म्हणून आधी निदान, मग मलम. ट्यूबवरची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचावीत; नाव 'सोन' किंवा 'सोल'ने संपत असेल तर स्टेरॉइडची शंका घ्यावी आणि डॉक्टरांना विचारावं. बाकी भाज्या खा, वेळेवर झोपा वगैरे सगळे सांगतातच, तेही करावं.

लेखिकेचं आठ महिन्यांत सहा किलो वजन उतरलं. रोज पाऊण तास चालणं, रात्रीचा भात बंद, चहा बिनसाखरेचा (हे सर्वांत कठीण गेलं). मान फिकी झाली आहे, पूर्वीसारखी नाही.

परवा जाऊबाईंचा आठवीतला मुलगा घरी आला होता. गुबगुबीत, गोड पोरगा, मानेभोवती तोच काळा पट्टा. लेखिकेने त्यांना बाजूला घेऊन, हळू आवाजात, साखर तपासायला सांगितलं. "काहीतरीच काय, आंघोळीचा कंटाळा करतो मेला," असं म्हणून त्यांनी वजरी कुठे मिळते ते विचारलं.