शंभर बदकांचं कोडं: शब्द धरून सोडवायची कृती

गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा तालुक्यात बोदलकसा तलाव आहे. 1917 साली मातीचं धरण घालून नदीचं पाणी इथे अडवलं, ते शेतीसाठी. हिवाळ्यात तलावावर पाहुणी बदकं उतरतात. मुलांना घेऊन काठावर बसावं आणि कोडं घालावं, अशी ही जागा. पुढचं कोडं जुनंच आहे. कुणी ते पारव्यांचं सांगतात, कुणी हंसांचं. आपण बदकांचं करू.

काठावरचा बगळा उडत्या थव्याला म्हणाला, ‘शंभर बदकांनो, राम राम!’ थव्यानं उत्तर दिलं, ‘आम्ही शंभर नाही. आम्ही, आमच्याएवढे आणखी, आमच्या निम्मे, निम्म्याचे निम्मे आणि तू, असे मिळून शंभर होतात.’ तर थव्यात बदकं किती?

यातली बेरीज तिसरीतल्या मुलालाही जमते. घोटाळा होतो तो शब्दांत. म्हणून आकड्याला हात लावण्याआधी शब्दांचा बंदोबस्त करायचा.

साहित्य: कागद, पेन्सिल आणि कोडं घालणाऱ्याचे जसेच्या तसे शब्द.

कृती

1. कोडं शब्दशः उतरवून घ्या. ऐकलेलं आपल्या शब्दांत लिहू नका. ‘आणखी’, ‘आणि तू’ असे बारीक शब्द नेमके तिथेच गळतात. शंका आली तर पुन्हा म्हणायला सांगा.

2. विचारलंय काय, त्याखाली रेघ ओढा. शंभर ही संख्या कानात घुमत राहते, पण प्रश्न उडत्या थव्याचा आहे. शंभर ही त्या सगळ्या गोतावळ्याची बेरीज.

3. मापाचे शब्द वेगळे काढा. एवढे, आणखी, निम्मे, पट, पैकी, सोडून, धरून. ‘17 शेळ्यांपैकी 9 सोडून सगळ्या पाण्यावर गेल्या, मागे किती राहिल्या?’ असं विचारलं की घाईत वजाबाकी होते आणि 8 उत्तर येतं. ‘सोडून’ हा शब्द नीट वाचला तर उत्तर समोरच लिहिलेलं आहे: 9.

4. प्रत्येक मापाला ‘कुणाचं?’ विचारा. साऱ्या कृतीचा जीव या पायरीत आहे. आमच्याएवढे: थव्याएवढे. निम्मे: थव्याचे. निम्म्याचे निम्मे: म्हणजे थव्याचा पाव भाग. तू: एकटा बगळा. समासात प्रत्येकापुढे हे लिहून टाका.

5. सगळ्यांत लहान वाटा एक भाग धरा. पाव थवा म्हणजे 1 भाग. मग निम्मे 2 भाग, पूर्ण थवा 4 भाग, आणखी तेवढेच 4 भाग. एकूण 11 भाग आणि वर एक बगळा. शंभरातून बगळा काढला की 99 उरतात. 99 भागिले 11, म्हणजे एक भाग 9 चा. थवा चार भागांचा, म्हणून बदकं 36. इथे ‘क्ष’ लागत नाही.

6. ताळा करा. 36, आणखी 36, निम्मे 18, निम्म्याचे निम्मे 9 आणि बगळा 1. बेरीज 100.

7. चुकीचे अर्थही लावून पाहा. मुलांना ही पायरी जरूर करायला लावा. ‘आणखी’ गाळलं तर 4, 2 आणि 1 असे 7 भाग होतात. 99 ला 7 नं भागलं की बाकी 1 उरते. बगळा मोजायचा विसरला तर 100 ला 11 नं भागावं लागतं. तिथेही बाकी 1. ‘निम्म्याचे निम्मे’ म्हणजे पुन्हा निम्मेच धरले, तर थवा 2 भागांचा आणि एकूण 6 भाग; 99 ला 6 नं भाग जात नाही. बदकाचे तुकडे होत नाहीत, म्हणून हे तिन्ही अर्थ बाद. मात्र नुसतं पूर्णांकात उत्तर आलं म्हणजे ते बरोबर, असंही नाही. सहाव्या पायरीचा ताळा हवाच.

सरावासाठी दोन कोडी

पहिलं भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘लीलावती’तलं, आपल्या शब्दांत. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा हिस्सा एका फुलावर गेला, तिसरा हिस्सा दुसऱ्या फुलावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट तिसऱ्या फुलावर, आणि एक भुंगा हवेत भिरभिरत राहिला. इथे तिप्पट ‘कशाची’ हे न विचारता तिसऱ्या हिश्श्याची धरली, तर तिसऱ्या फुलावरच सगळा थवा जातो. फरकाची धरली की 3, 5, 6 आणि 1 मिळून 15 भुंगे होतात.

दुसरं तलावाचं. पाणवेल रोज दुप्पट पसरते आणि विसाव्या दिवशी तलाव पूर्ण झाकते. अर्धा तलाव कोणत्या दिवशी झाकलेला होता? ‘अर्धा’ ऐकून दहावा दिवस तोंडावर येतो. पण ‘रोज दुप्पट’ हे शब्द शेवटापासून मागे वाचा: विसाव्याच्या आदल्या दिवशी निम्मा, म्हणजे एकोणिसावा.

कोडं पुढे देताना: एकही शब्द बदलू नका. सोडवणारा चुकला तर उत्तर सांगू नका. त्याच्या मापाच्या शब्दावर बोट ठेवा आणि ‘हे कुणाचं?’ एवढंच विचारा. बहुतेक वेळा पुढचं तो स्वतःच सोडवतो. ही सवय मुलाला लागली की वर्गातली शाब्दिक उदाहरणं, कर्जाचा कागद, औषधाच्या बाटलीवरची सूचना, सगळंच तो नीट वाचायला लागतो. एका कोड्यासाठी संध्याकाळ खर्च करावी, ती यासाठी.