केस पेपरची फी आणि औषधांचे कपाट

"सरकारी दवाखान्यात थोडी फी घेतली तर काय बिघडले? फुकटच्या औषधाची किंमत राहत नाही," असे माझ्याकडे येणारे अनेक जण म्हणतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून आज त्याचाच विचार करू.

हा प्रयोग आफ्रिकेत होऊन गेला आहे. सरकारांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या आणि आरोग्य केंद्रांत गोळ्या नव्हत्या. तेव्हा 1987 साली माली देशातील बामाको शहरी तेथील आरोग्यमंत्री जमले. रुग्णांकडून औषधांचे थोडे पैसे घ्यावेत व त्यातून पुन्हा औषधे आणावीत, असे ठरले. हेतू चांगला होता. पण अनेक देशांत फीतून जमलेली रक्कम चालू खर्चाच्या सरासरी शेकडा पाचच्या आसपासच राहिली. रुग्ण मात्र घटले. केनियाने डिसेंबर 1989 मध्ये फी लावली आणि बाह्यरुग्णांची संख्या इतकी घसरली की 1990 मध्येच ती स्थगित करावी लागली.

मला किंवा तुम्हाला जी रक्कम चहापाण्याची वाटते, ती रोजंदारीवरच्या बाईला तशी नसते. तिची मजुरी बुडते, गाडीभाडे जाते, वर फी. मग तापलेले पोर चार दिवस घरीच राहते.

युगांडाने 2001 मध्ये फी रद्द केली. गोरगरिबांची गर्दी वाढली. औषधांचा निधी वाढवूनही साठा पुरेना, आणि लोक चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानात जाऊ लागले. अतिगरीब कुटुंबांवरचा जड खर्चाचा बोजा त्यामुळे हलका झाला नाही.

आपल्या राज्यानेही 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले. निर्णय मला योग्य वाटतो, पण त्यामागे पैसा हवा. पगार थांबवता येत नाहीत. ओढाताण झाली की कात्री लागते ती औषधे, डिझेल आणि दुरुस्तीला. डॉक्टर खुर्चीवर आणि कपाट रिकामे, हे चित्र त्यातूनच दिसते. आरोग्यावरील सरकारी खर्च 2025 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करू, असे 2017 च्या राष्ट्रीय धोरणात लिहिले होते. तेवढा तो झाला नाही.

तुमच्या केंद्रात बाहेरची चिठ्ठी मिळाली, तर तेथील रुग्ण कल्याण समितीतील लोकप्रतिनिधींना दोन गोष्टी विचारा: औषधांची मागणी कधी पाठवली, आणि साठा कधी आला?