पाया सारखा तर घात मिळवा!

फर्स्ट इयरच्या पहिल्याच युनिट टेस्टमध्ये मी लिहिलं होतं: २^न + २^न = ४^न. (^ ही खूण म्हणजे ‘चा घात’.) वर शहाणपणा म्हणजे ताळाही करून पाहिला. न = १ घेतलं, २ + २ = ४, बरोबर! पेपर मिळाला तेव्हा त्यावर मोठा लाल गोल. पुढची सगळी स्टेप्स त्यावरच उभी, त्यामुळे पूर्ण गणिताचे मार्क गेले.

रात्री रूमवर रडवेली होऊन बसले होते. रूममेट मराठी मीडियमची. ती म्हणाली, “अगं, न = २ घालून बघ की!” घातलं. डावीकडे ४ + ४ = ८, उजवीकडे १६. म्हणजे न = १ ला जमलं तो निव्वळ योगायोग.

मी कॉन्व्हेंटवाली, ‘बेस’ आणि ‘एक्स्पोनंट’ नुसते पाठ केलेले. तिच्या पुस्तकात बेसला ‘पाया’ आणि एक्स्पोनंटला ‘घातांक’ म्हणतात. ती म्हणाली, “पाया एकच असेल तरच मजल्यावर मजला चढतो. आणि तोसुद्धा गुणाकारात, बेरजेत नाही.” एवढ्या एका वाक्यात माझं डोकं ठिकाणावर आलं!

नियम चारच आहेत:

१) अ^म × अ^न = अ^(म+न)
२) अ^म ÷ अ^न = अ^(म−न)
३) (अ^म)^न = अ^(म×न)
४) अ^न × ब^न = (अ×ब)^न

यात बेरजेचा नियम कुठेच नाही. मग मध्ये अधिक-उणे आलं तर काय करायचं? सगळ्यात लहान घात कॉमन काढायचा. २^न + २^न म्हणजे २^न दोनदा, म्हणजेच २ × २^न = २^(न+१).

आता हे बघा:

[३^(न+२) − ३^न] ÷ [३^(न+१) + ३^न]

वर-खाली ३^न कॉमन काढा. वर उरतं ९ − १ = ८, खाली ३ + १ = ४. ३^न कटलं, उत्तर २. न काहीही असो!

पाये वेगळे दिसले तर आधी एक करून घ्या:

९^(न+१) ÷ ३^(२न−१)

९ म्हणजे ३^२, म्हणून वर ३^(२न+२). इथे कंस विसरून २न+१ लिहिणारे पुष्कळ. वजाबाकीतही कंस हवाच: (२न+२) − (२न−१) = ३. उत्तर ३^३ = २७.

सिरीजची रेशो टेस्ट असो की झेड-ट्रान्सफॉर्म, न घातात बसलेला भेटणारच. तेव्हा ताळा जरूर करा, पण न = १ वर थांबू नका. २ आणि ३ घालून बघा. ताळ्यात एकदा जरी चुकलं तरी स्टेप नक्की चूक.

जाता जाता एक तुमच्यासाठी: [५^(न+२) − ५^(न+१)] ÷ (४ × ५^न). उत्तरात न उरला, तर मेसमध्ये भेटा. चहा मात्र तुमच्याकडून!