पळसाच्या पानांवर गणित



रोहा तालुक्यातील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मजुरी हजार विटांमागे ठरते आणि आधी घेतलेली उचल तीतून वळती होते. ज्याला मोजता येत नाही, त्याला दुसऱ्याचा हिशेब मान्य करावा लागतो. म्हणून वरसे परिसरात आम्ही मोजणीची सुरुवात बालवाडीच्या वयातच करतो.

ही वाट जुनी आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी तिथे कुरणातच शाळा भरू लागली, ती कुरणशाळा.

आपणही हे खेळ घेऊ शकतो :

१. पळसाला पाने तीनच. मग दोन देठांना किती? मुलाने हात लावून मोजावे.

२. चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करावेत, उरलेले सुटे ठेवावेत. दशक-एकक इथेच कळते. अगदी लहानग्यांवर लक्ष ठेवावे, ती बिया तोंडात घालतात.

३. कुंडलिकेकाठचे गोटे लहान-मोठे असे ओळीने लावावेत.

आकडा लिहिणे नंतर. भट्टीवर पाटी नसली तरी खडे असतातच.

लूक १५ मधील मेंढपाळाने शंभर मेंढरे मोजली, म्हणून एक हरवलेले त्याला कळले. मोजणे हीसुद्धा प्रीतीच आहे. भट्टीवर जाणाऱ्या लेकरांसाठी प्रार्थना करा.