लोहकणांची ऊब

अंबड तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. शहागडाजवळ तिच्या कोरड्या वाळूत लोहचुंबक फिरविला, की त्याच्या टोकांना काळ्या, बारीक कणांच्या मिशा फुटतात. मराठवाड्याचा काळा खडक झिजून ते कण वाळूत मिसळलेले असतात. लोखंड व प्राणवायू यांच्या संयोगाने बनलेल्या या चुंबकीय खनिजास मॅग्नेटाइट म्हणतात. याच जातीचे, परंतु वाळूच्या कणाहून हजारो पटींनी लहान कण प्रयोगशाळेत तयार करून त्यांच्या उष्णतेने कर्करोगाची गाठ नष्ट करावी, असा प्रयत्न शास्त्रज्ञ अनेक वर्षे करीत आले आहेत.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. पेशी जन्मतात, आपले काम करतात आणि वेळ आली की मरतात. कर्करोगात काही पेशी हा नियम सोडून वाढतच राहतात व त्यांची गाठ बनते. अंबडच्या रुग्णाला अशा वेळी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात अथवा १९४१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात जावे लागते. तेथे शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे यांचा उपयोग होतो. या उपायांनी पुष्कळ रुग्ण बरे होतात; परंतु किरण व औषधे यांचा त्रास गाठीशेजारच्या निरोगी पेशींनाही सोसावा लागतो, आणि मेंदूसारख्या नाजूक जागी तर हात राखूनच उपचार करावे लागतात.

उष्णतेचा उपयोग येथे सुचतो. शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. गाठ ४१ ते ४६ अंशांपर्यंत तापवून काही वेळ तशीच ठेवली, तर तिच्यातील प्रथिने बिघडतात. पुष्कळ पेशी मरतात. ज्या उरतात त्यांना किरणांनी झालेली इजा भरून काढणे कठीण जाते. अडचण एकच, पण मोठी. बाहेरून शेक दिला तर कातडी आधी भाजते. उष्णता नेमकी आत, गाठीतच उत्पन्न व्हावयास हवी.

जालन्याच्या पोलाद कारखान्यांत लोखंडाचे भंगार वितळविणाऱ्या विजेच्या भट्ट्या आहेत. भट्टीतील भांड्याभोवती तांब्याचे वेटोळे असते. त्यातून सतत दिशा बदलणारी वीज सोडली, की आत तसेच दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, भंगारात विजेचे भोवरे उठतात आणि जाळ न लावता लोखंडाचा रस होतो. सूक्ष्म कणांच्या उपचारातही असेच क्षेत्र वापरतात, पण उष्णता येते ती निराळ्या रीतीने. हे कण इतके लहान असतात, की त्यांत विजेचे भोवरे उठण्यास जागाच नसते. त्याऐवजी कणातील चुंबकत्वाची दिशा क्षेत्राबरोबर सेकंदास लाखभर वेळा पालटते. या उलटापालटीत थोडी शक्ती दर वेळी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते.

कणांचा आकार नॅनोमीटरमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर होय. उपचाराचे कण साधारणतः १० ते २० नॅनोमीटरचे असतात. एवढ्या लहान कणाची आणखी एक सोय अशी, की क्षेत्र बंद होताच त्याचे चुंबकत्व मावळते. म्हणून कण एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत.

ही कल्पना १९५७ साली अमेरिकेतील गिलख्रिस्ट या शल्यचिकित्सकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रथम मांडली. आतड्याचा कर्करोग ज्या लसिकाग्रंथींत लपून पसरतो, त्या ग्रंथींपर्यंत लोहकण पोहोचवून त्या तापविण्याचे प्रयोग त्यांनी कुत्र्यांवर केले. पुढे जर्मनीत आंद्रेआस योर्डान यांनी हा उपचार माणसांपर्यंत आणला. मेंदूत पुन्हा उद्भवलेल्या गाठीचे ५९ रुग्ण तेथे तपासले गेले. गाठीत सुईने कण सोडावयाचे, मग डोक्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करावयाचे आणि जोडीस किरणोपचार द्यावयाचे, अशी रीत होती. त्यापूर्वी दातांत भरलेला धातूसुद्धा काढावा लागे, कारण तोही तापला असता! निम्मे रुग्ण गाठ पुन्हा आढळल्यानंतर १३ महिन्यांहून अधिक जगले. अशा रुग्णांच्या पूर्वीच्या अनुभवाशी ताडून पाहता हे आयुष्य बरेच अधिक होते. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने या आकड्यावर फार विसंबता येत नाही. युरोपात या उपचारास २०१० मध्ये परवानगी मिळाली, तरी ती साधने बनविणारी कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली.

महाराष्ट्रातही या विषयावर काम झाले आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत धीरेंद्र बहादूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मँगनीज मिसळलेले लोहकण बनवून त्यांच्या उष्णतेने कर्करोगाच्या पेशी कशा मरतात, हे काचेच्या भांड्यात वाढविलेल्या पेशींवर पाहिले. तो निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात शि. ह. पवार यांच्या गटाने वेगळा पदार्थ हाताळला. प्रत्येक चुंबकीय पदार्थाचे एक ठराविक तापमान असते. त्यापुढे त्याचे चुंबकत्व नाहीसे होते. लोखंडाच्या बाबतीत ते ७७० अंश आहे. लँथॅनम, स्ट्रॉन्शियम व मँगनीज यांच्या संयुगात घटकांचे प्रमाण बदलून ते बरेच खाली आणता येते. ते गाठ तापविण्याच्या तापमानाच्या जवळ आणले, तर तेथे पोहोचताच कणाचे तापणे मंदावते आणि शेजारची निरोगी पेशी भाजण्याचा धोका कमी होतो. कणालाच मर्यादा शिकविण्याची ही युक्ती मोठी सुंदर आहे.

तरीही वाट सोपी नाही. रक्तातून सोडलेले कण बहुतांशी यकृत व प्लीहा गिळून टाकतात. म्हणून ते सुईने थेट गाठीतच घालावे लागतात, आणि शरीरभर पसरलेल्या रोगावर ही रीत चालत नाही. गाठीतही ते सर्वत्र सारखे पसरत नाहीत. जेथे कण कमी पडले तेथे ऊब अपुरी पडते, आणि तेवढ्याच कोपऱ्यात वाचलेल्या पेशींपासून गाठ पुन्हा वाढू शकते.