८० टक्के की ८० पर्सेंटाइल?

बारावीला ८० टक्के गुण नाहीत, मग गुणवत्ता-शिष्यवृत्तीचा अर्ज कशाला करावयाचा, असा समज कला शाखेत पुष्कळदा आढळतो. तो तपासून पाहिला पाहिजे. केंद्र शासनाने २००८ साली सुरू केलेली महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती ८० टक्के मागत नाही. ८० पर्सेंटाइल मागते. म्हणजे आपल्या मंडळातून आपल्याच शाखेत उत्तीर्ण झालेल्या शंभरांपैकी ऐंशी जण गुणांत आपल्या मागे असावेत. येथे कला शाखेच्या विद्यार्थ्याची तुलना विज्ञानाच्या विद्यार्थ्याशी होत नाही. मात्र राज्य मंडळाच्या वाट्याच्या शिष्यवृत्त्या विज्ञान, वाणिज्य व कला यांत ३:२:१ या प्रमाणात वाटल्या जातात. तेव्हा पात्रता म्हणजे निवड नव्हे.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवे. पदवीस वर्षाकाठी १२,००० रुपये मिळतात. पुढे दरवर्षी निदान ५० टक्के गुण व ७५ टक्के उपस्थिती नसेल, तर नूतनीकरण होत नाही. हुशार विद्यार्थ्याचीही शिष्यवृत्ती केवळ गैरहजेरीमुळे बंद पडू शकते. म्हणून निकाल लागताच आपल्या शाखेचे ८० पर्सेंटाइल किती गुणांवर येते ते पाहावे, मुदतीत अर्ज करावा आणि मग तास बुडवू नयेत.