ठासणीच्या बंदुकीचे वय आणि मूळ

कोलकाता हे दीर्घकाळ ईस्ट इंडिया कंपनीच्या सत्तेचे केंद्र होते, तसेच ते शस्त्रांच्या आयातीचे मोठे बंदरही होते. फोर्ट विल्यममधील शस्त्रागार, इंग्लंडहून येणारी जहाजे, शहरातील बंदूकविक्रेत्यांची दुकाने आणि गंगामार्गाने जोडलेले मुंगेर या सर्वांमुळे बंगालमधील जुन्या घरांत नाना प्रकारच्या बंदुका येऊन पडल्या. अशी बंदूक वारशाने येते तेव्हा बहुधा तिच्याबरोबर एक कथाही येते. ती पलाशीच्या लढाईतील आहे, किंवा एखाद्या पूर्वजाने १८५७ मध्ये बराकपूरला वापरली, असे सांगितले जाते. ही कथा खरी आहे की नाही, हे ठरवण्याचे साधन बंदुकीतच असते. मात्र ते वाचण्याची रीत ठाऊक हवी.

परीक्षेपूर्वी एक खबरदारी अनिवार्य आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडातून भरली जात असल्यामुळे ती भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून दिसत नाही. कित्येक दशके भिंतीवर टांगलेल्या बंदुकीत जुना बार तसाच राहिलेला असू शकतो, आणि काळी दारू कोरडी राहिल्यास काळाने निर्धोक होत नाही. म्हणून बंदुकीचे तोंड निर्धोक दिशेला ठेवून एक लाकडी काठी नळीत हलकेच सोडावी व तोंडाशी खूण करावी. मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरून तिचे टोक कान्याच्या छिद्रापर्यंत पोहोचते का, ते पाहावे. ती दोनतीन बोटे अलीकडेच थांबत असेल, तर आत काहीतरी आहे असे समजावे आणि बंदूक जाणकाराच्या हाती द्यावी. वाळूच्या कागदाने किंवा विटकरीने नळी घासणे हाही मोठा अपराध होय, कारण गंजाबरोबर पुसट ठसेही जातात आणि पुरावा कायमचा नष्ट होतो.

पहिला प्रश्न बार पेटवण्याच्या यंत्रणेचा. तोडेदार बंदुकीत जळती वात चाप ओढताच रंजकावर येते. देशी तोडेदार बंदुकीचा दस्ता सडपातळ असतो आणि नळी बहुधा चामड्याच्या किंवा धातूच्या बंधांनी त्याला जखडलेली असते. हा घाट अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत फारसा बदलला नाही. त्यामुळे केवळ आकारावरून तिचे वय सांगणे धोक्याचे असते. गारेच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यातील गारगोटी पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी पाडते. टोपीदार बंदुकीत घोडा तांब्याच्या टोपीवर आदळतो. फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचे पेटंट १८०७ मध्ये घेतले. टोपी त्यानंतर प्रचारात आली, आणि फौजांच्या हाती ती १८४० नंतरच्या दशकात सर्रास दिसू लागली. तेव्हा टोपीदार बंदूक पलाशीची, म्हणजे १७५७ ची, असू शकत नाही. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. अनेक गारेच्या बंदुका पुढे टोपीदार करून घेतल्या गेल्या. अशा बंदुकीच्या बाजूच्या पट्टीवर बुजवलेली छिद्रे दिसतात. रंजकाची वाटी व तिची कमान पूर्वी तेथे बसवलेली होती. अशा वेळी नळी जुनी, यंत्रणा नवी, असा निर्णय द्यावा लागतो.

दुसरा प्रश्न खुणांचा. कंपनीच्या शस्त्रांवर प्रारंभी चार भागांत विभागलेले हृदयचिन्ह आणि त्यात कंपनीची आद्याक्षरे असत. १८०८ च्या सुमारास त्याच्या जागी मुकुट धरलेला, मागील पायांवर उभा सिंह आला. 'इंडिया पॅटर्न' या नावाने ओळखली जाणारी कंपनीची बंदूक ३९ इंची नळीची आणि सुमारे पाऊण इंच व्यासाच्या तोंडाची असे. ब्रिटिश सरकारनेही १७९७ मध्ये तिचा स्वीकार केला. त्या सरकारी घडणीत १८०९ पूर्वी घोड्याची मान हंसासारखी वळलेली असे. नंतर तिला वर्तुळाकार छिद्राचे मजबूत रूप मिळाले.

नळीच्या मागील बाजूस परीक्षणाचे ठसे शोधावेत. लंडनच्या ठशात मुकुटाखाली जी आणि पी ही रोमन अक्षरे गुंफलेली असतात. बर्मिंगहॅमच्या परीक्षणगृहाची स्थापना १८१३ मध्ये झाली. त्याच्या ठशात मुकुट व तिरपे ठेवलेले दोन राजदंड असतात. बेल्जियममधील लिएज शहराच्या ठशात लंबवर्तुळात ई, एल, जी ही अक्षरे असून त्यावर १८९३ पासून मुकुट आला. येथे नियम साधा आहे: सर्वांत अलीकडची खूण वस्तूच्या वयाची मर्यादा ठरवते, सर्वांत जुनी खूण ती ठरवू शकत नाही.

इंग्रजी अक्षरे दिसली म्हणजे बंदूक इंग्लंडची, असे मानू नये. मीर कासीमने मुंगेरला राजधानी नेल्यावर तेथे शस्त्रनिर्मिती भरभराटीस आली, आणि तेथील कारागिरांची परंपरा पुढेही टिकली. देशी कारागीर विलायती नमुन्याची नक्कल करताना अक्षरेही चित्रासारखी उतरवीत. उलटे अक्षर, चुकलेले स्पेलिंग, ओळीतून ढळलेला मुकुट हे नकलेचे निदर्शक होत. त्यामुळे वस्तूचे ऐतिहासिक मोल कमी होत नाही, केवळ तिचे जन्मस्थान बदलते. नळीवर देशी सन कोरलेला असल्यास विक्रम संवतातून ५७ वजा करावेत, शकात ७८ आणि बंगाब्दात ५९३ मिळवावेत. एका वर्षाचा फरक संभवतो. बंगाब्द १२५० म्हणजे १८४३–४४ होय.

शहरातील विक्रेत्याचे नाव व पत्ता असेल, तर आणखी एक वाट उघडते. मँटन किंवा रॉडा यांसारख्या कोलकात्याच्या पेढ्यांची नावे बंदुकांवर आढळतात, पण विक्रेत्याचे नाव हे घडवणाऱ्याचे नाव असेलच असे नाही. पत्ता अधिक बोलका असतो. कसाईटोला या रस्त्याला पुढे बेंटिंकचे नाव मिळाले, आणि बेंटिंक १८२८ मध्ये भारतात गव्हर्नर जनरल म्हणून आला. डलहौसी १८४८ मध्ये आला. म्हणून 'डलहौसी स्क्वेअर' असे कोरलेला पत्ता त्या वर्षापूर्वीचा असणे अशक्य आहे.

आता १८५७ ची कथा तपासू. एन्फील्ड रायफलीच्या १८५३ च्या नमुन्याला ०.५७७ इंची तोंड आणि नळीत तीन खोबणी असत. त्या वर्षाच्या आरंभी तिचे शिक्षण डमडम, अंबाला आणि सियालकोट येथील केंद्रांत निवडक शिपायांना दिले जात होते. २९ मार्च रोजी बराकपूरला मंगल पांडे यांनी बंदूक उचलली, तेव्हा ती रायफल बंगालच्या सामान्य शिपायांच्या हाती पोहोचलेली नव्हती. बंडानंतर हिंदी पलटणींसाठी १८५८ च्या नमुन्याच्या बंदुका आल्या. त्या बाहेरून एन्फील्डसारख्याच होत्या, पण त्यांच्या नळीत खोबणी नव्हती आणि तोंड ०.६५६ इंच होते. विश्वासाच्या अभावाची नोंद येथे लोखंडातच झालेली दिसते. घरातील 'बंडाची बंदूक' आतून गुळगुळीत व या मापाची निघाली, तर ती बंडाची नसून बंडाच्या परिणामाची साक्षीदार ठरते.

शेवटी कायद्याचा विचार. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमानुसार जुन्या घडणीचे, पुरातन मोलाचे वा मोडकळीस आलेले हत्यार दुरुस्तीनेही अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसेल, तरच त्याला सूट आहे. केवळ शंभर वर्षे जुनी म्हणून चालू स्थितीतील बंदूक परवान्यातून मुक्त होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस दोनच अग्निशस्त्रांची मर्यादा घातली असून वारशाची शस्त्रेही तीत मोजली जातात. शिवाय १९७२ च्या पुरावस्तूविषयक अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीस परदेशी नेता येत नाही. म्हणून मापे, ठसे, अक्षरे आणि छायाचित्रे यांची नोंद करावी. घरात ऐकलेली कथाही त्याच नोंदीत, पण वेगळ्या पानावर लिहावी. पुरावा आणि स्मृती दोन्ही जपण्याजोग्या आहेत, फक्त त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये.